सशाचा डोळा, माणसाचे पारपटल आणि न मोजलेली वेदना

मोजमापाची कोणतीही पद्धत ही एका अर्थाने संहिताच असते. काय पाहायचे, कशाला किती वजन द्यायचे आणि कशाकडे पाहायचेच नाही, हे तिच्या कर्त्यांनी एकदा ठरवलेले असते. पुढच्या पिढ्या ती पद्धत वापरत राहतात. ठरवणारे विसरले जातात, ठरवण्याची कारणे विसरली जातात आणि मागे उरतो तो फक्त आकडा. संहितेत काय लिहिले आहे याइतकेच तिच्यात कोठे मौन आहे हे शोधण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. ती सवय बरोबर घेऊन विज्ञानाच्या इतिहासातील एका संहितेकडे पाहावे, असा या लेखात आमचा विचार आहे.

ही संहिता म्हणजे १९४४ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी जेफ्री वुडर्ड व हर्बर्ट कॅल्व्हरी हे तिचे कर्ते. त्वचेवर किंवा डोळ्यात गेलेला पदार्थ किती अपाय करतो, हे सशावर कसे तपासावे याची रीत त्यांनी घालून दिली. तिचा डोळ्यापुरता भाग ‘ड्रेझ चाचणी’ या नावाने जगभर रूढ झाला. आज तिची जागा प्रयोगशाळेत वाढवलेली, मानवी पारपटलासारखी ऊती घेत आहे. (पारपटल म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागावरचा पारदर्शक पडदा, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो.) हा बदल कोणी करुणेचा विजय म्हणून सांगतात, कोणी विज्ञानाची प्रगती म्हणून. दोन्ही खरे आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये मोजपट्टीची एक गोष्ट दडलेली आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही.

आधी हे मान्य केले पाहिजे की ड्रेझ चाचणी क्रौर्यातून जन्मली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचे जवळजवळ नियंत्रणच नव्हते. ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या व भुवया रंगवण्याचा रंग तेथे विकला जात असे. त्यात पॅराफिनिलिनडायअमिन हे द्रव्य होते. त्या रंगाने अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, दृष्टी गेल्याची उदाहरणे घडली. अन्न व औषध प्रशासनाने १९३३ साली अशा घातक वस्तूंचे एक प्रदर्शन मांडले. वृत्तपत्रांनी त्याला भीतीचे दालन म्हटले. रूथ लँब यांनी १९३६ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले आणि १९३८ साली अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा संमत झाला. कायद्याने प्रशासनावर जबाबदारी टाकली, पण ‘घातक’ कशाला म्हणायचे याचे मोजमाप कोणाजवळ नव्हते. ती उणीव १९४४ च्या निबंधाने भरून काढली. यात एक विसंगती आहे. लॅश ल्यूरमधील द्रव्य तीव्र ॲलर्जी उत्पन्न करणारे म्हणून ओळखले जाते. ड्रेझ चाचणी मात्र पदार्थाचा थेट दाह पाहते, ॲलर्जी पाहत नाही. ज्या दुर्घटनांमुळे मोजपट्टीची निकड भासली, त्या दुर्घटनाच तिच्या पकडीत नीट येत नव्हत्या.

आता ती पट्टी जवळून पाहू. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि ठरावीक तासांनी, पुढे ठरावीक दिवसांनी डोळ्याचे निरीक्षण करायचे. पारपटल किती धूसर झाले याला ० ते ४ गुण, धूसरता किती भागावर पसरली याला ० ते ४ गुण. दोहोंचा गुणाकार करून त्याला ५ ने गुणायचे. म्हणजे पारपटलाला जास्तीत जास्त ८० गुण. परितारिकेला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, १०. पापण्यांच्या आतल्या अस्तराची लाली, सूज आणि स्राव यांना मिळून २०. एकूण ११०.

वाचणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. ‘किंचित’, ‘बऱ्यापैकी’, ‘तीव्र’ ही विशेषणे आहेत, ती पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतात. संहितेने या विशेषणांना अंक दिले, अंकांना गुणक दिले आणि बेरीज काढली. बेरीज झाल्याबरोबर विशेषणे अदृश्य झाली आणि वस्तुनिष्ठतेचा आभास उत्पन्न झाला. पारपटलाला ८० आणि लालीला त्याहून कितीतरी कमी, हे प्रमाण निसर्गाने दिलेले नव्हते. दृष्टी जाण्याचे भय सर्वांत मोठे, म्हणून ते माणसांनी ठरवलेले होते. ते समंजसही होते. पण तो निवाडा होता, निरीक्षण नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या ११० गुणांत वेदनेला एकही गुण नाही. शरीरातील सर्वांत संवेदनशील भागांपैकी पारपटल हा एक आहे. त्यात मज्जातंतूंचे जाळे अतिशय दाट असते. बारीकसे कुसळ गेले तरी माणूस कासावीस होतो. तरीही डोळ्याच्या अपायाची जी पट्टी जगाने स्वीकारली, तिच्यात दुखण्याला स्तंभच नव्हता. ससा सहसा ओरडत नाही हे त्याच्या पथ्यावर पडले नाही. मराठीने सशाच्या वाट्याला येणाऱ्या छळातून ‘ससेहोलपट’ हा शब्द घडवला. शास्त्रीय तक्त्यात मात्र त्या होलपटीला जागा मिळाली नाही.

सशाची निवड सोयीची होती. डोळा मोठा, प्राणी शांत, पाळायला स्वस्त, आणि पांढऱ्या सशाच्या डोळ्यात रंगद्रव्य नसल्याने लाली चटकन दिसते. पण त्याचा डोळा माणसाचा डोळा नव्हे. त्याला तिसरी पापणी असते, तो क्वचितच डोळे मिटतो, आणि पडलेला पदार्थ धुऊन टाकण्याइतके अश्रू त्याला माणसाप्रमाणे येत नाहीत. या त्रुटी तज्ज्ञांना ठाऊक होत्या. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या घटवावी आणि प्रयोग कमी क्लेशकारक करावा. १९७१ साली कॅरोल वेल आणि रॉबर्ट स्काला यांनी त्याच पदार्थांच्या चाचण्या वीसहून अधिक प्रयोगशाळांकडून करवून घेतल्या. एका प्रयोगशाळेने जो पदार्थ निरुपद्रवी ठरवला, तोच दुसरीने तीव्र दाहक ठरवला, असे त्यांत आढळले. तरीही १९८१ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही चाचणी ४०५ क्रमांकाची मार्गदर्शिका म्हणून स्वीकारली. सदोष पट्टी टिकून राहिली याचे कारण सरळ आहे. सगळ्यांची पट्टी एकच असली की निदान व्यवहार होतो, आणि खटला उभा राहिल्यास ‘आम्ही नियमाप्रमाणे चाचणी केली’ असे म्हणता येते.

हे साचलेपण मोडणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. तो शाळेत इंग्रजी साहित्य शिकवणारा शिक्षक होता. हेन्री स्पायरा यांचा जन्म १९२७ साली बेल्जियममध्ये झाला. अमेरिकेत त्यांनी खलाशी म्हणून काम केले, कामगार चळवळीत भाग घेतला आणि पुढे न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेत अध्यापन केले. पीटर सिंगर यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. प्रयोगशाळांपुढे घोषणा देण्यापेक्षा त्यांनी वेगळी वाट धरली. ‘रेव्हलॉन’ या प्रसाधन कंपनीशी ते आधी बराच काळ बोलत राहिले. त्यांची मागणी एवढीच होती की कंपनीने आपल्या उत्पन्नाचा अत्यल्प अंश पर्याय शोधण्यासाठी द्यावा. प्रतिसाद मिळेना, तेव्हा १५ एप्रिल १९८० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पूर्ण पानाची जाहिरात झळकली. सौंदर्यासाठी ही कंपनी किती सशांना आंधळे करते, असा रोखठोक प्रश्न तिच्यात होता. त्या वर्षाच्या अखेरीस रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला पर्यायांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलरचे साहाय्य जाहीर केले. १९८१ साली प्रसाधन उद्योगाच्या दहा लाख डॉलरच्या निधीतून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचे केंद्र उभे राहिले.

भाषेच्या शिक्षकाने हे घडवावे यात आम्हांला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. ११० गुणांच्या तक्त्याने जी विशेषणे पुसून टाकली होती, ती स्पायरांनी एका प्रश्नात परत आणली. ‘गुण किती?’ या प्रश्नाच्या जागी ‘आंधळे किती?’ हा प्रश्न आला. संख्येला त्यांनी संख्येनेच उत्तर दिले, पण तिच्यापुढचे नाम बदलले.

निधी मिळाला, तरी पर्याय लगेच हाती आला नाही. त्यासाठी लागणारी विद्या निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हेतूंनी घडत होती. १९७५ साली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या केराटिनोसाइट या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची खात्रीशीर रीत दिली. अशा पेशी सच्छिद्र पडद्यावर पेरून, खालून पोषकद्रव आणि वरून हवा अशी व्यवस्था केली की त्या एकमेकींवर थर रचतात. मानवी पारपटलाच्या बाह्यस्तरात साधारण पाच ते सात थर असतात; तशी रचना बशीत तयार होते. मोजण्याचे साधन १९८३ साली टिम मॉसमन यांनी दिले. एमटीटी हे पिवळे द्रव्य जिवंत पेशींत जांभळे होते. जांभळा रंग जितका गडद, तितक्या अधिक पेशी जिवंत.

चाचणीची रीत यावरून समजते. ऊतीवर पदार्थ ठेवायचा. एपीऑक्युलर या नमुन्यात द्रव पदार्थ ३० मिनिटे, घन पदार्थ ६ तास ठेवतात. मग ऊती धुवायची, काही काळ ठेवायची आणि रंग मोजायचा. ६० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहिल्या, तर पदार्थाला डोळ्याच्या अपायाचे लेबल लावायची गरज नाही. ओईसीडीने ही पद्धत २०१५ साली ४९२ क्रमांकाने स्वीकारली. त्याआधी २००९ साली कत्तलखान्यातून आणलेल्या गायीबैलांच्या आणि कोंबड्यांच्या डोळ्यांवरील दोन पद्धती स्वीकारल्या गेल्या होत्या. येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. नावात डोळा असला, तरी एपीऑक्युलरच्या पेशी मूळच्या त्वचेच्या आहेत. स्किनएथिक हा दुसरा नमुना, ज्याच्या नावात त्वचा आहे, तो मात्र मानवी पारपटलाच्या पेशींपासून होतो.

१९८० ते २०१५ ही पस्तीस वर्षे केवळ पेशी वाढवण्यात गेली नाहीत. मोठा काळ खर्ची पडला तो नव्या पद्धतीचा खरेपणा ठरवण्यात, आणि मोजपट्टीची जी गोष्ट आम्ही म्हणालो ती येथेच आहे. नवी पद्धत बरोबर की चूक हे कशाशी ताडून पाहायचे? न्यायाने ती माणसाच्या डोळ्याशी ताडायला हवी; पण माणसाच्या डोळ्यात मुद्दाम घातक द्रव्ये कोणी घालणार नाही. हाताशी साठा होता तो सशांच्या नोंदींचाच. म्हणजे ज्या साक्षीदाराची साक्ष बेभरवशाची म्हणून त्याला हटवायचे, त्याच्याच साक्षीशी नव्या साक्षीदाराची साक्ष जुळली पाहिजे, अशी अट पडली. १९९५ साली युरोपीय आयोग आणि ब्रिटनचे गृहखाते यांच्या संयुक्त अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६० पदार्थांवर नऊ पर्यायी पद्धती तपासल्या होत्या आणि एकही सशाची जागा सर्वस्वी घेण्यास समर्थ ठरली नाही. दोष नऊ पद्धतींचा किती आणि मूळ पट्टीचा किती, हा वाद पुढे बराच काळ चालला.

पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकाला हा पेच नवा वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांसमोर, विशेषतः वि. स. सुखटणकरांसमोर, मूळ प्रत नव्हतीच. होत्या त्या नकलांच्या नकला. अशा वेळी एकच हस्तलिखित प्रमाण मानून इतरांतील प्रत्येक फरकाला चूक म्हणणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग असतो. सशाच्या बाबतीत नेमके तेच झाले होते. मूळ संहिता माणसाचा डोळा. ससा ही तिची एक नक्कल, तीही लेखनिकाच्या प्रमादांनी भरलेली. आणि प्रत्येक नवी प्रत या नकलेशी ताडली जात होती.

या पेचातून बाहेर पडण्याची वाटही पाठचिकित्सेच्याच वळणाची निघाली. आधी नकलेची चिकित्सा करायची, ती कोठे विश्वसनीय आणि कोठे नाही हे ठरवायचे. युरोपीय नोंदणीतील हजारो ड्रेझ चाचण्यांचे विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी पुन्हा केली असता ‘अपाय नाही’ हा निष्कर्ष ९४ टक्के वेळा कायम राहिला, ‘गंभीर इजा’ हा ७३ टक्के वेळा. मधल्या पायऱ्यांवर सशाची साक्ष याहूनही डळमळीत होती. ४९२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने आरंभी एवढाच मर्यादित प्रश्न हाती घेतला होता: पदार्थ निर्धोक आहे की नाही? नकलेचा पाठ जेथे सर्वांत स्थिर आहे, तीच ही जागा. एपीऑक्युलरच्या तपासणीत ११२ पदार्थांपैकी दाहक पदार्थ ९६ टक्के वेळा ओळखले गेले, निर्धोक पदार्थ मात्र ६३ टक्केच. परीक्षा कडक आहे. ती संशयाचा फायदा पदार्थाला देत नाही, वापरणाऱ्याला देते. पण हे दोन्ही आकडे सशाच्या नोंदीशी ताडून काढलेले आहेत, हे वाचताना विसरू नये.

नव्या ऊतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर एका आंधळ्या श्रद्धेच्या जागी दुसरी येईल. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पहिल्या व दुसऱ्या वर्गातला भेद काळावर आधारलेला आहे: इजा २१ दिवसांत भरून आली तर दुसरा वर्ग, न आली तर पहिला. बशीतली ऊती इतके दिवस बरी होत राहत नाही. तिला रक्त नाही, अश्रू नाहीत, पापणी नाही. म्हणून वेगवेगळ्या मुदतींनंतर किती पेशी जिवंत राहतात यावरून तीव्रतेचा अंदाज बांधणारी सुधारित पद्धत निघाली आणि २०२२ साली स्वीकारली गेली. त्याच वर्षी अनेक पद्धतींचे निष्कर्ष एकत्र वाचण्याची रीतही ओईसीडीने मान्य केली. एका प्रतीऐवजी अनेक प्रती समोर ठेवून पाठ ठरवावा, तसे हे आहे.

भारताचा या इतिहासाशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. नृत्याच्या क्षेत्रात कलाक्षेत्रामुळे ख्यातनाम झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले. त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा आला. त्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही. चौदाव्या कलमाने त्यांना मोकळीकच दिली. पण सतराव्या कलमात शक्य तेथे प्रयोग टाळावेत असे सांगितले आणि शस्त्रक्रियेच्या प्रयोगांत होता होईतो भूल द्यावी असेही म्हटले. रसेल आणि बर्च यांचे पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षीचे. २०११ साली भारतीय प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्पर स्वीकारण्याच्या ओईसीडीच्या व्यवस्थेत भारत पूर्णतः सामील झाला, म्हणजे या मार्गदर्शिका आपल्याकडील प्रयोगशाळांच्याही झाल्या. मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना येथे बंदी आली, आणि त्याच वर्षी अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही. बंदी प्रसाधनांपुरती आहे. कीटकनाशके आणि औद्योगिक रसायने तिच्या कक्षेबाहेर आहेत. २०२२ साली हैदराबादच्या संशोधकांनी मानवी ऊतींपासून त्रिमितीय मुद्रणाने कृत्रिम पारपटल घडवल्याची वार्ता आली. माणसाच्या डोळ्यासाठी घडवलेले ते पारपटल प्रथम बसवले गेले ते सशाच्या डोळ्यात. हे दोषारोप म्हणून आम्ही सांगत नाही. चाचणीची ऊती आणि रोपणाची ऊती यांचे प्रश्न निराळे आहेत. पण ससा या कथेतून अजून बाहेर पडलेला नाही, एवढे त्यावरून कळते.

शेवटी पुन्हा मौनाकडे. ४०५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत २०१२ साली दुरुस्ती झाली. जेथे सशावर चाचणी करणे अपरिहार्य असेल, तेथे डोळा आधी बधिर करावा आणि वेदनाशामके द्यावीत, असे तिने सांगितले. मूळ निबंधानंतर अडुसष्ट वर्षांनी वेदना शमवणे हा संहितेत नेहमीचा भाग झाला. तेही गुणांच्या तक्त्यात नव्हे, तर कार्यपद्धतीत. तीनच वर्षांनी जी ऊती अधिकृत झाली, तिला मज्जातंतूच नाहीत, म्हणून तिला वेदना नाही. हेच तिचे नैतिक सामर्थ्य. आणि याच कारणाने एखादा पदार्थ डोळ्याला इजा न करताही किती झोंबेल, हे ती सांगू शकत नाही. जुन्या पट्टीत वेदना होती पण मोजली जात नव्हती; नव्या पट्टीत मोजावी अशी वेदनाच उरलेली नाही.

यांपैकी दुसरी अवस्था निःसंशय चांगली आहे. फक्त ती पहिलीचे उत्तर आहे असे समजू नये. वेदनेला गुण का दिला नव्हता, हा प्रश्न सोडवला गेलेला नाही. तो विचारण्याचा प्रसंग तेवढा टळला आहे. नव्या संहितेत कशाला स्तंभ नाही, हे वेळीच वाचून ठेवण्याचे काम आपल्यासारख्या वाचकांचेही आहे.